कच्च्या फोटोंचे गुणाजीमामा

आमच्या मालवणात कुणी कॅमेरा रोखला की माणसं केस सारखे करतात. गुणाजीमामांनी रोखला की आधी विचारतात, "मामा, कच्चो काढतास की शिजलेलो?"

मामा एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले; जन्मभर स्टँडवर गाड्यांच्या घोषणा केल्या. बडोद्याच्या मुलीनं आपला जुना कॅमेरा त्यांना दिला आणि कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं की 'रॉ' म्हणजे कच्च्या फाइलमध्ये फोटोतला कण न् कण शिल्लक राहतो. झालं! मामांनी कॅमेरा रॉवर लावला आणि ते बटण पुन्हा फिरू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी मारली.

नेहमीच्या जेपीजी फोटोंचं नाव काढलं की ते मला म्हणायचे, "जेपीजी म्हणजे काय गो? अर्धां टाकून दिलेलां! माका अर्धां नको."

पण ही अख्खी वस्तू कुणाच्याच फोनवर उघडेना. शेजारच्या शालूच्या साखरपुड्याचे सगळे फोटो मामांनीच काढले आणि आळीभर पाठवले. प्रत्येकाच्या फोनवर नुसता करडा चौकोन.

शालूची आई धावत आली. "मामा, नवरो दिसणा नाय!"

"दिसणा नाय, पण आसा," मामा शांतपणे म्हणाले.

मग तो नवरा शिजवायला मामा माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आले. इंटरनेटवर एक साइट आहे. तिथे रॉ फाइल चढवायची, जेपीजी होऊन ती खाली उतरते. फुकटात एका वेळी एकच. शिवाय मामांची एकेक फाइल न सोललेल्या, असोल्या नारळासारखी जड आणि माझं नेट चालणार रमतगमत. मामांना त्याचं काहीच वाटलं नाही. खुर्ची ओढून ते स्क्रीनसमोर बसले, घसा खाकरला आणि एकदम शुद्ध मराठीत सुरू झाले:

"प्रवाशांनी लक्ष द्यावे! मालवणहून तळेऱ्याला जाणारी फाइल कसाल येथे आलेली आहे. चाळीस टक्के!"

बाहेर पिशवी घेऊन उभी असलेली एक बाई खरोखरच आत डोकावली. "कसालची गाडी खंय लागली?"

मुलाकडच्यांना दुपारच्या आत फोटो हवा होता, पत्रिका छापायला जाणार होती. शालू, तिची आई, आधारकार्डाच्या झेरॉक्सला आलेले दोघे, सगळे स्क्रीनला डोळे लावून. कणकवली गेली, नांदगाव गेलं. शहाण्णव टक्क्यांवर वीज गेली.

"फाट्यावर गाडी बंद पडली रे!" मामांनी कपाळाला हात लावला.

वीज आल्यावर पुन्हा मालवणपासून सुरुवात. या वेळी फाइल पोचली, पण घाईत मामांनी भलत्याच पर्यायावर बोट ठेवलं आणि नवरा-नवरी नखाएवढी होऊन बाहेर पडली. "मामा, ह्यो नवरो की मुंगळो?" शालूची आई रडकुंडीला आली. तिसऱ्या खेपेला मात्र फोटो नीट उघडला. शालूच्या पापणीवर अडकलेला अक्षतेचा दाणासुद्धा दिसत होता. शालू कितीतरी वेळ बघत राहिली. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मामांनी कमरेत वाकून त्या स्वीकारल्या.

पुढे दोन महिने मामा रोज सकाळी हजर. रोज नवी फाइल, रोज घोषणा. शेवटी मीच कंटाळले. त्यांच्या घरी जाऊन लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. नेट नको, रांग नको, शंभर फोटो एका दमात.

आठ दिवस मामा फिरकले नाहीत. दुकान इतकं शांत की मला मशीनचा आवाज खुपायला लागला. नवव्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. मामा पडवीत बसले होते. लॅपटॉप बंद.

"चालत नाही का, मामा?"

"चलता गो. धा मिनटांत सगळां करून मोकळां होता. मगे 'झालां' म्हणान सांगू कोणाक?"

मी लॅपटॉप जवळ ओढला.

"काढून टाक तां," ते हळूच म्हणाले.

मी सॉफ्टवेअर काढून टाकलं. तेवढ्यात मामा आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले. चपला पायात सरकवत त्यांनी विचारलं, "दुकान उघडां आसा मां?"

दुकानाला मी कुलूप लावून आले होते.

"उघडां आसा, मामा," मी म्हटलं. "चला."