पेरूखालची बरणी

मेझकाल, म्हणजे घायपातीची दारू, ही काय चीज आहे, हे मेक्सिकोतल्या साऱ्या वाहाका प्रांतात फक्त आपल्यालाच कळतं, अशी ओदिलोनची खात्री होती. तळहातावर एक थेंब चोळायचा, हुंगायचा आणि सांगायचं: घायपात कोणत्या डोंगरावरची, भट्टी कोणाची, आणि गाळताना गाळणाऱ्याचं बायकोशी भांडण झालं होतं का. "डोळे बांधा, नाक अर्धं दाबा, तरी सांगतो," असं तो बाजारात, चर्चच्या पायरीवर आणि कोणी मेलं तर तिथंही सांगायचा.

अशा माणसाच्या पोरीनं, आसुसेनानं, पसंत कोणाला करावं? रुतिलियो मास्तरला. मास्तर स्वभावानं गरीब, शाळेत चांगला, पण घरी आल्यावर समोर मेझकालची वाटी ठेवली तर म्हणाला, "यात थोडं संत्र्याचं सरबत मिळेल का?"

ओदिलोननं वाटी उचलून घेतली आणि आत निघून गेला. पोरीनं तीन दिवस मक्याच्या तोर्तिया भाजल्या नाहीत. चौथ्या दिवशी भुकेनं म्हणा, मायेनं म्हणा, तो जाहीरपणे बोलून बसला, "पंधरा दिवसांत मी गाढवालासुद्धा मेझकाल शिकवीन. जत्रेच्या दिवशी चारचौघांत मास्तरनं माझा मेझकाल ओळखला तर पोरगी त्याची. नाही ओळखला तर विषय संपला."

आणि मग सुरू झाला ओदिलोनच्या आयुष्यातला सगळ्यात लांब पंधरवडा.

"पिण्याआधी दोन थेंब जमिनीला द्यायचे," त्यानं शिकवलं. मास्तरनं अख्खी वाटी जमिनीला दिली. "बोरूच्या नळीनं मेझकाल तोंडानं वर ओढायचा, बोट लावून धरायचा, वाटीत सोडायचा आणि त्यावर येणारे बुडबुड्यांचे मोती बघायचे." मास्तरनं ओढला आणि गिळला. पुन्हा ओढला, पुन्हा गिळला. सहाव्यांदा त्याला मोती न बघताच सगळीकडे दिसायला लागले. वर दर वाक्य टिपायला समास आखलेली वही.

"बाबा, मोती सरासरी किती वेळ टिकतात?"

"माझे टिकतात. बाकीच्यांचे फुटतात."

"म्हणजे साधारण किती सेकंद?"

"मास्तर, तू मेझकाल शिकतोयस की माझी परीक्षा घेतोयस?"

संध्याकाळी ओदिलोन कंबर धरून घरी यायचा आणि उशीत तोंड खुपसून पालथा पडायचा. क्रिस्पिना, त्याची बायको, बाटलीतलं काहीतरी हातावर घेऊन पाठ चोळायची. बावीस वर्षांचा रिवाज होता तो. हा उशीतून मास्तरला शिव्या द्यायचा आणि देता देता झोपायचा.

पण दहाव्या दिवशी मास्तरनं एक थेंब हातावर चोळला, वास घेतला आणि म्हणाला, "ही घायपात भाजायच्या खड्ड्यात अर्धा दिवस जास्त राहिली का?" राहिली होती. ओदिलोननं मास्तरच्या पाठीत एक धपाटा घातला आणि घरी येऊन पोरीला म्हणाला, "तसा बरा आहे तुझा मास्तर."

जत्रेच्या दिवशी अंगणात पाहुणे जमले. क्रिस्पिनाचा भाऊ फिलेमोनही आला. नदीपलीकडे त्याची स्वतःची भट्टी. "दाजी," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "जावयाला शिकवलंत खरं, पण दाखवण्यासारखं तुमच्याकडे काही शिल्लक आहे का?"

झालं. ओदिलोननं कुदळच उचलली. आसुसेना जन्मली तेव्हा त्यानं पेरूखाली मेझकालची बरणी पुरली होती, ती लेकीच्या लग्नातच काढायची आणि तोवर बरणीला हातही लावायचा नाही, अशी शपथ घेऊन.

"अहो, लग्नासाठी आहे ना ती?" क्रिस्पिना आडवी आली. "आत्ता कशाला? त्या कोपऱ्यातल्या बरणीतला काढा की."

"बाजूला हो. आज या मेहुण्याला दाखवतोच."

बरणी निघाली. दोन थेंब जमिनीला दिले, मग एक घोट घेतला. ओदिलोननं डोळे मिटले आणि ते ओलेच झाले. "हा मी आहे," तो म्हणाला. "बावीस वर्षांपूर्वीचा मी. असा मेझकाल आता होणे नाही." पाहुण्यांनी माना डोलावल्या. वाटी मास्तरकडे गेली.

मास्तरनं नळी ओढली, न गिळता सोडली. मोती आले आणि लगेच गेले. त्यानं तळहात हुंगला, वही उघडली, मिटली. घाम पुसला. आसुसेना त्याच्याकडे असं बघत होती की बाबा रे, फक्त 'तुमचाच' म्हण आणि मोकळा हो.

"बाबा," मास्तर म्हणाला, "हा तुमचा नाही."

आसुसेनानं कपाळाला हात लावला. ओदिलोन ओरडायला उभा राहिला, तेवढ्यात फिलेमोननं वाटी ओढून घेतली. चाखली. "दाजी, मास्तर बरोबर बोलतोय. मेझकाल माझा आहे. पाणी तेवढं माझं नाही."

सगळे क्रिस्पिनाकडे बघायला लागले.

"मग काय करणार होते मी?" ती उसळली. "रात्री उकरून थोडा काढला की तेवढा भरून ठेवावा लागायचा. तुमच्या भट्टीतला घ्यावा तर तुम्ही रोज सकाळी एकेक बरणी हुंगता. म्हणून माहेरून आणायचे. माहेरून नाही मिळाला की विहिरीतून."

"पण काढायचीस कशाला? प्यायलं कोण सगळं?"

"प्यायलं कोणीच नाही. रोज संध्याकाळी 'पाठ गेली, पाठ गेली' कोण म्हणतं? तुमच्या पाठीवर जिरला सगळा. तुमच्या हातचा चांगला म्हणून तोच वापरला, त्याचंही वाईटच."

ओदिलोननं कुदळ खाली ठेवली. बावीस वर्षं त्याचा सर्वोत्तम मेझकाल त्याच्याच अंगाला लागत होता आणि त्याला वास आला नव्हता. अट मात्र मास्तरनं पुरी केली होती. जे ओदिलोनचं नव्हतं ते त्यानं ओळखलं होतं, आणि शिकवलं ओदिलोननंच होतं. लग्न ठरलं. मोलेचा तिखट रस्सा खाताना फिलेमोन इतका हसला की त्याला ठसका लागला.

संध्याकाळी कुदळ मारून कंबर धरलेला ओदिलोन पालथा पडला. क्रिस्पिनानं बाटली उघडली.

"थांब," तो म्हणाला. तिचा तळवा नाकाशी धरून त्यानं बराच वेळ वास घेतला. मग समाधानानं मान उशीत टेकली. "हा माझा. हा शंभर टक्के माझा."

क्रिस्पिना पाठ चोळायला लागली. बाटली दुपारी फिलेमोन ठेवून गेला होता.