नेसवागचा सातवा माणूस

"शनिवारी नेसवागचा संघ मैदानात उतरणार म्हणजे उतरणार," असं मार्युनने मासळीच्या कारखान्यात, हातातली सुरी खाली न ठेवता जाहीर केलं. सुरी हातात असताना मार्युनशी वाद घालायची पद्धत नेसवागच्या बेटावर नव्हती. त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुन्हा कॉड माशांची पोटं फाडायला लागले.

मार्युन ही बाई गावच्या फुटबॉल क्लबची अध्यक्ष. वय अठ्ठावन्न, आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. क्लबची अवस्था मात्र नाजूक होती. माणसं जमली नाहीत म्हणून त्या हंगामात दोन सामने सोडावे लागले होते. तिसरा सोडला की संघाचं नाव लीगमधून कायमचं जाणार. सामना सुरू व्हायला निदान सात जण लागतात. गोलकीपरसकट पाच जण मासेमारीच्या जहाजावर ग्रीनलंडकडे गेलेले, एकाचं शनिवारीच लग्न. उरले सहा. त्यातला एक पाद्री होता, आणि त्याने रविवारी उभं राहता येईल इतपतच धावायचं कबूल केलं होतं.

मार्युनने राजधानीत, तोर्शावनला, राहणाऱ्या बहिणीला फोन लावला. बहिणीने एक गोलकीपर शोधून दिला. नाव रोय. उंच, सडपातळ, अबोल माणूस. शनिवारी सकाळच्या बोटीने येईल. मार्युनने त्याच दिवशी त्याचं नाव यादीत घालून यादी लीगकडे पाठवली.

शनिवारी समुद्र खवळलेला होता. बोट धक्क्याला जेमतेम टेकली, एकच प्रवासी घाईघाईने उतरला आणि बोट पुढच्या बेटाकडे निघून गेली. उतरलेला माणूस उंच, सडपातळ आणि अबोल होता. मार्युनला आणखी काही बघायचं कारणच नव्हतं.

"सामन्याला आलात ना?" तिने विचारलं.

"हो. पण माझी बॅग बोटीवरच राहिली. कपडे, बूट, सगळं त्यात आहे."

"कपड्यांची काळजी सोडा. नेसवाग काय उघडं पडलंय?"

तिने त्याला घरी नेलं, सुकवलेलं मटण आणि बटाटे खाऊ घातले, आणि खाताखाता त्याची परीक्षाही घेतली. नजर कशी आहे, असं विचारलं.

"माझ्या नजरेतून काही सुटत नाही," तो शांतपणे म्हणाला.

"आणि आरडाओरडा झाला की घाबरता?"

"सवय आहे. लोक मला शिव्याच देतात."

असा कसलेला माणूस क्लबला वीस वर्षांत मिळाला नव्हता. तिने त्याला पिवळा शर्ट दिला, बूट दिले, मोठे हातमोजे दिले. पाहुण्याचा किती विचार करतात, वाऱ्यात हात गारठू नयेत म्हणून मोजेसुद्धा, असं त्याला वाटलं. तो भारावून गेला.

दुपारी दोन वाजता दोन्ही संघ मैदानात उभे होते. पाहुणा संघ स्वतःच्या बोटीने आलेला, चांगले अकरा जण. मार्युनने आपल्या माणसाला गोलकडे ढकललं. तो गेला, जाळी ओढून बघितली, खांब हलवून बघितले आणि परत आला. सव्वा दोन झाले. अडीच झाले. पाद्री थंडीने निळा पडला. शेवटी पाहुण्यांचा कप्तान वैतागून म्हणाला, "तुमच्याकडे रेफ्री येतो की नाही?"

"मी कधीचा आलोय," उंच माणूस म्हणाला. "तुमची शिट्टी मिळाली की सुरू करतो. माझी बॅगेत आहे."

खरा रोय बोट लागल्यामुळे केबिनमध्ये आडवा झाला होता आणि रेफ्रीच्या बॅगेबरोबर पुढच्या बेटावर पोचला होता.

रेफ्रीने हातमोजे काढून अदबीने परत केले. मग खिशातून यादी काढली. सहा जण आहेत, सातवा यादीतलाच हवा, पंधरा मिनिटं देतो, असं त्याने सांगितलं. यादीवरून बोट फिरवत तो थांबला. "हा हानुस कोण? गोलकीपर लिहिलंय."

सगळे गवताकडे बघायला लागले.

हानुस मार्युनचा नवरा. नऊ वर्षांपूर्वी, अध्यक्ष झाल्यावरच्या पहिल्याच सामन्यात, पाच गोल खाल्ले म्हणून मार्युनने त्याला गावादेखत अर्ध्यातून बाहेर काढलं होतं. तेव्हापासून त्याने मैदानाकडे पाठ केली होती. घरात फुटबॉल हा शब्द निघत नव्हता. तरी दर वर्षी यादी भरताना त्याचं नाव खोडायला मार्युनचा हात काही धजावला नव्हता.

ती चढ चढून घरी गेली. हानुस मेंढ्यांचं कुंपण दुरुस्त करत होता.

"एक माणूस कमी आहे," ती म्हणाली. एवढं बोलायला तिला चढापेक्षा जास्त दम लागला.

हानुसने हातोडी ठेवली नाही. "अर्ध्यातून काढशील."

"नाही काढणार."

"कितीही गोल झाले तरी?"

"कितीही. ये ना रे."

नऊ वर्षांत हा "ना रे" त्याने ऐकला नव्हता. त्याने हातोडी ठेवली.

मध्यंतराला आठ गोल झाले होते. बाराव्या गोलनंतर हानुस एका पायावर उभा राहून मार्युनला खुणा करायला लागला: काढ, बाई, मला बाहेर काढ. मार्युनने मान हलवली. शब्द म्हणजे शब्द. शिवाय बाहेर काढला तर सहाच उरत होते.

शेवटची शिट्टी वाजली तेव्हा हानुस गोलमध्ये उताणा पडून आकाश बघत होता. ती शेजारी जाऊन बसली.

"सतरा ना?" त्याने विचारलं.

"एकोणीस. दोन तू पडल्यावर गेले." मग जरा थांबून म्हणाली, "संघ वाचला, हानुस."

तो तिचा हात धरून उठला.

"मंगळवारी सराव आहे," ती म्हणाली.

मंगळवारी तो लंगडत सगळ्यांच्या आधी मैदानावर पोचला. बाकी कुणीच आलं नाही. अर्धा तास वाट बघून मार्युनने बूट घट्ट बांधले, बॉल पेनल्टीच्या खुणेवर ठेवला, नवऱ्याला नीट उभं राहायला सांगितलं आणि पहिल्याच फटक्यात गोल केला.