खवलेबाबांची डोळेमिटी

एका जंगलात, बाळांनो, सगळेच प्राणी फार शहाणे होते. हसू नका. ते स्वतःच तसं सांगायचे, आणि ज्याला पटायचं नाही त्याला शहाण्यांत धरत नसत.

त्या जंगलात एक मुंगसाची पोर होती. बुटकी म्हणून तिला सगळे ठेंगी म्हणायचे. ठेंगीला आई नव्हती, बाप नव्हता, हक्काचं बीळसुद्धा नव्हतं. ती चोरी करायची. कुणाच्या ढोलीतला टोळ, कुणी उन्हात वाळत टाकलेला खेकडा. पोटात कावळे ओरडायला लागले की चोरायची आणि पोट भरलं की थांबायची. शहाणे प्राणी पोट भरल्यावर थांबत नसत. पण त्यांच्या घेण्याला चोरी म्हणायची तिथे पद्धत नव्हती.

एक दिवस ठेंगी पकडली गेली. चोराच्या तोंडाला चिखल फासायचा आणि त्याला नदीपार हाकलायचं, असा त्या जंगलाचा कायदा होता. पलीकडे म्हणे तरस होते. ठेंगीच्या आईलाही असंच हाकललं होतं, एका खेकड्यापायी. ती पुन्हा कुणाला दिसली नाही. ठेंगी तेव्हा काठावर उभी राहून घसा फुटेस्तोवर ओरडली होती, आणि शहाण्यांनी कान पाडून घेतले होते.

"आईच्या वळणावर गेली," गवापाटील म्हणाले. हे जंगलाचे मुख्य. अंगानं हे एवढे थोरले. डोक्याचं विचारू नका. त्यावर शिंगं होती, तेवढं बस झालं. "हाकला हिला."

"थांबा!" मागून आवाज आला.

सगळे बाजूला झाले. खवलेबाबा आले होते.

खवलेबाबा म्हणजे म्हातारं खवल्या मांजर. आता, कुठलंही खवल्या मांजर घाबरलं की अंगाचा चेंडू करून पडून राहतं. पण बाबांनी अंगाचा चेंडू केला की त्याला समाधी म्हणायचे. बाबा मोठे मांत्रिक होते. हरवलेली वस्तू मंत्रानं काढून द्यायचे, निदान तशी ख्याती होती. पण अलीकडे कुणाचं काही हरवत नव्हतं, आणि वारुळं खणायची तर बाबांच्या नख्या झिजल्या होत्या. बाबा उपाशी होते. उपाशी मांत्रिकाला दया फार लवकर येते.

"अनाथ लेकरू आहे," बाबा म्हणाले. "मी पदरात घेतो. आजपासून ही माझी शिष्या."

"केवढं मन!" सगळे म्हणाले. काहींनी तर डोळेही पुसले. इतके दिवस त्यांच्यापैकी एकानंही तिला साधा टोळ दिला नव्हता, ते जाऊ द्या.

बाबांच्या गुहेत कोरडी जागा होती. ठेंगीला रोज खायला मिळू लागलं. कुणी "आलीस का गं?" असं विचारणारं होतं. बाळांनो, एवढंच लागतं हो. पोर बाबांवर जीव टाकू लागली.

"बाबा, मला जादू शिकवाल?" तिनं विचारलं.

"तुला येतेच की."

"मला तर नुसती चोरी येते."

"छे छे! पोटासाठी करतात ती चोरी. गुरूसाठी करतात तिला सेवा म्हणतात."

मग बाबांनी तिला सेवा समजावून दिली. आणि त्या जंगलात डोळेमिटी सुरू झाली.

डोळेमिटी म्हणजे काय, ते नीट ऐका. कुणाचं काही हरवलं की सगळ्यांनी दुपारी वडाखाली जमायचं. बाबांनी तिथल्या एका मोठ्या शिळेशेजारी समाधी लावायची. बाकीच्यांनी डोळे गच्च मिटून मोठ्यानं म्हणायचं, "खवले खवले, दाखवा सगळे!" एकवीस वेळा. मग डोळे उघडायचे. समोर शिळेवर वस्तू हजर! मधल्या वेळात ठेंगी कुठे असायची, हे कुणी विचारलं नाही. विचारणार कसे? डोळे मिटलेले होते ना.

जो डोळे उघडील त्याच्या मनात पाप, आणि त्याची वस्तू कधी सापडायची नाही, असा नियम होता. एका सशानं एकदा डोळा किलकिला केला आणि ओरडला, "अहो, ही तर ठेंगीच आणून ठेवतेय!" त्यावर मोठी सभा भरली. ठेंगी काय करत होती हा प्रश्नच आला नाही. सशानं डोळा का उघडला, यावर मात्र तीन तास चर्चा झाली. शेवटी सशानं लेखी माफी मागितली. तेव्हापासून कुणी त्याच्या बिळाकडे फिरकत नसे.

मग काय विचारता! माकडाचा आरसा हरवला, सापडला. पाटलांच्या गळ्यातली घंटा हरवली, सापडली. मोराचं एक पीस सापडलं, जे हरवल्याचं मोराला ठाऊकच नव्हतं. प्रत्येक वेळी प्राणी आनंदानं नाचायचे आणि बाबांना ताजं वारूळ खणून द्यायचे. बाबा गुटगुटीत झाले. समाधीचा चेंडू आता पुरता मिटत नसे.

पण बाबांना एवढ्यानं समाधान कुठलं! एके सकाळी ते म्हणाले, "ठेंगे, आरसे आणि घंटा पुरे झाल्या. गजराबाईचं अंडं आण."

गजराबाई म्हणजे रानकोंबडी. सापानं तिची बाकीची अंडी गिळली होती. एकच उरलं होतं. अठरा दिवस ती त्यावर बसून होती, फक्त दुपारी पाणी प्यायला उतरायची. तेवढ्या वेळात ठेंगीनं अंडं उचललं.

आता मुंगसाच्या तोंडात अंडं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. ठेंगीच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. आणि अंड्याच्या आतून काहीतरी हललं. ठेंगीनं अंडं खाली ठेवलं, कान लावला. आत कुणीतरी होतं.

तेवढ्यात गजराबाईचा हंबरडा ऐकू आला. तसा आवाज ठेंगीनं पूर्वी एकदाच ऐकला होता, नदीच्या काठावर, स्वतःच्याच गळ्यातून.

ती अंडं उचलून धावत बाबांकडे गेली. "बाबा, आजच डोळेमिटी करा. गार पडलं तर आतला जीव मरेल!"

"वेडी आहेस," बाबा मुंग्या चाटत म्हणाले. "लगेच सापडलं तर एक वारूळ मिळेल. तीन दिवस रडू दे बाईला. मग सगळं जंगल खणायला येईल. अंडं नेऊन धबधब्यामागे गारव्यात ठेव, मधेच फुटायला नको."

"पण ते मेलं तर?"

"मेलेलंही सापडतंच की."

याच म्हाताऱ्याला ती मनातल्या मनात बाप म्हणत होती. तिनं अंडं तोंडात धरलं आणि भर दुपारी, सगळ्यांसमोरून, थेट गजराबाईच्या घरट्यापाशी गेली. तिथं सांत्वनाला सगळं जंगल जमलं होतं.

"घ्या," ती म्हणाली. "मीच चोरलं होतं. अजून ऊब आहे. आधी बसा त्यावर, मग मला काय मारायचं ते मारा."

आता सगळे खूश झाले असतील, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही लहान आहात.

गवापाटलांच्या कपाळावर आठी पडली. "हे काय? मंत्र नाही, समाधी नाही, आमचे डोळे टक्क उघडे, आणि अंडं सापडलं?"

"सापडलं नाही, पाटील. मी आणलं."

"आणणारी तू कोण?"

"अहो, असं चालू दिलं तर उद्या कुणीही उठून काहीही परत करील!" माकड किंचाळलं.

"चोरी एक वेळ समजू शकतो," पाटील म्हणाले. "पण असं उघडउघड परत करणं? आमच्या डोळ्यांदेखत? भावना म्हणून काही असतात की नाही आम्हाला?"

तोवर बाबा धापा टाकत आले. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की काळजीचं कारण नाही. या जंगलात ते सुरक्षित होते.

"पोरीवर रागावू नका," बाबा गोड आवाजात म्हणाले. "अंड्यानंच तिला वेड लावलं. साधं नाही ते, दैवी आहे. तिसऱ्या दिवशी डोळेमिटीत ते विधीनं प्रकट होईल. मग ते शिळेवर कायमचं ठेवायचं, दर्शनाला."

"आणि उबवायचं कुणी?" ठेंगीनं विचारलं.

"देवपण आलेल्याला कुणी उबवतं का गं?" बाबा म्हणाले, आणि सगळे खो खो हसले.

गजराबाईनं बसण्यासाठी पंख अर्धे पसरले होते. सगळे तिच्याकडे बघायला लागले. "भाग्यवान आहात, बाई," पाटील म्हणाले. "देवाची आई झालात. पहिल्या रांगेत बसवू तुम्हाला." गजराबाईची चोच उघडली, पुन्हा मिटली. तिला सशाचं बीळ आठवलं असावं.

"तुम्ही म्हणाल तसं, पाटील," ती म्हणाली आणि पंख मिटून घेतले.

मला विचाराल तर तिथल्या एकेकाच्या थोबाडीत द्यायला हवी होती. पण मी तिथे नव्हतो, आणि असतो तर मीही शहाणाच असतो.

तोवर अंडं बाबांनी सांभाळायचं आणि सोहळा झाला की ठेंगीला नदीपार हाकलायचं, असं ठरलं. गुहेत गेल्यावर बाबा तिला म्हणाले, "अंडं आता धबधब्यामागे नेऊन ठेव. तिसऱ्या दिवशी ते गपचूप शिळेवर आण, मी शब्द टाकून तुला सोडवतो. नाही ठेवलंस तर आईच्या वाटेनं जा. बघ, घर हवं की तरस?"

ठेंगीनं मान डोलावली. पण धबधब्यामागे ती अंडं घेऊन गेली, ती अंड्याला पोटाशी धरूनच बसली. तीन दिवस ती उठली नाही, आणि तीन दिवस तिनं काही खाल्लं नाही. मुंगसाची पोर, भुकेनं व्याकूळ, आणि पोटाशी अंडं! तिसऱ्या दिवशी आतून चोचीची टकटक सुरू झाली. ठेंगी रडली. मग तिनं ओढ्यातून एक पांढरा गोल गोटा शोधून काढला.

दुपारी वडाखाली ही गर्दी! पाटलांनी भाषण केलं. माकडानं ते भाषण किती छान झालं यावर भाषण केलं. मग बाबांनी समाधी लावली, सगळ्यांनी डोळे मिटले.

"खवले खवले, दाखवा सगळे!"

ठेंगी पुढे आली. तिनं शिळेवर गोटा ठेवला, आणि शिळेआड लपवलेलं अंडं तोंडात उचललं.

समाधीच्या चेंडूतून दोन डोळे तिच्याकडे बघत होते. बाबांनी गोटा पाहिला, अंडं पाहिलं. बोंब मारावी म्हणून तोंडही उघडलं. पण बोंब मारायची तर स्वतःचे डोळे उघडे होते हे सांगावं लागलं असतं. बाबांनी तोंड मिटलं आणि चेंडू जमेल तेवढा आवळला.

तेवढ्यात अंडं बोललं. "चिंव."

पहिल्या रांगेत गजराबाईचा एक डोळा उघडला. तिनं ठेंगीला पाहिलं. तिच्या तोंडातलं अंडं पाहिलं. आता ही ओरडणार, आपण मेलो, असं ठेंगीला वाटलं.

गजराबाईनं डोळा गच्च मिटला. आणि "खवले खवले" असं ती इतक्या मोठ्यानं ओरडू लागली, की अंड्याचं पुढचं चिंव शेजारच्या माकडालासुद्धा ऐकू गेलं नाही. बाई ओरडत होती आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. काय ही भक्ती, असं लोक पुढे कितीतरी दिवस म्हणत होते.

ठेंगी पाटलांच्या चार पायांमधून निघाली, वड मागे टाकला, आणि नदीतल्या धोंड्यांवरून पलीकडे गेली. तिला कुणी हाकललं नाही. त्या जंगलातून आपल्या पायांनी गेलेली ती पहिलीच.

एकवीस वेळा झालं. डोळे उघडले. "सापडलं!" एकच जल्लोष झाला. पाटलांनी गोट्याला नाक लावून पाहिलं. "किती गार! किती टणक!"

"सिद्धी म्हणतात ती हीच," बाबा बारीक आवाजात म्हणाले.

"गजराबाई, तुमचंच ना हे?"

"माझंच," गजराबाई म्हणाली.

तो गोटा अजून तिथे आहे. तो फुटत नाही, हीच त्याची थोरवी समजतात. गजराबाई दुपारी पाणी प्यायला नदीवर जाते ती हल्ली लवकर परत येत नाही. पलीकडून कधीकधी कोंबडा आरवतो. तो तरसांचा कावा आहे, असं सभेत एकमतानं ठरलं आहे. तरस खरंच आहेत का, हे पलीकडे जाऊन बघितलेलं मात्र अलीकडे कुणी नाही.

बाबांचं बरं चाललं आहे. परवाच एक उदमांजराचं पोरकं पिल्लू चोरी करताना सापडलं. बाबांनी त्याला पदरात घेतलं.

"केवढं मन!" सगळे म्हणाले.

तात्पर्य : बाळांनो, चोरलेली वस्तू कधीही परत करू नये. अगदीच राहवलं नाही, तर आधी सगळ्या शहाण्यांनी डोळे मिटले आहेत ना, तेवढं पाहून घ्यावं. आणि हे असे माझ्याकडे डोळे वटारून काय बघताय? मिटा बघू.