मामाचं पूर्ण नाव

आमच्या कॉलेजचे भांडारपाल ज्ञानोबा लिंबाजी नागरे हे तीन देशांतल्या सात मुलांचे मामा आहेत. हे मी म्हणत नाही, वसतिगृहाच्या फाटकावरचं भेटीचं रजिस्टर म्हणतं. दर रविवारी दुपारी चार वाजता ते तिथे उभे राहतात आणि इथिओपिया, अफगाणिस्तान, नेपाळ अशा देशांच्या मुलांच्या नावांसमोर 'नाते' या रकान्यात बिनधास्त लिहितात: मामा.

स्वतःचं नाव लिहितात तेही अर्धवट नाही. 'ज्ञानोबा लिंबाजी नागरे, मु. पो. पिंपळवाडी, ता. जिंतूर, जि. परभणी.' सात मुलांसाठी सात वेळा. मागे रांगेत उभी असलेली माणसं चुळबुळतात. 'वरीलप्रमाणे' लिहा म्हटलं तर मामा चष्म्यावरून बघतात. "वरीलप्रमाणे कोण असतंय, बाई? मानसाला नाव असतंय."

मी आस्थापना विभागात बसते. परभणीतल्या आमच्या कृषी महाविद्यालयात सरकारी शिष्यवृत्तीवर थोडी परदेशी मुलं शिकायला येतात. वसतिगृहाचा नियम असा, की रविवारी फक्त नातेवाइकांनाच आत सोडायचं. आता अदिस अबाबाहून परभणीला रविवारचं कोण येणार? म्हणून मामांनी नातं लावून घेतलं.

येताना पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. प्रत्येक मुलाला वेगळं बोलवायचं, दहा-दहा मिनिटं. मी एकदा म्हटलं, सगळ्यांना एकत्रच भेटा, वेळ वाचेल. तर म्हणाले, "घोळक्यात भेट हुत न्हाई. घोळक्यात सभा हुती." मग त्यांचे ठरलेले प्रश्न. जेवलास का? झोप लागायलीय का? घरी बोललास का? आणि शेवटी, परीक्षा घेतल्यासारखा, "माझं नाव सांग." मुलाने गावापासून जिल्ह्यापर्यंत सगळं म्हणून दाखवल्याशिवाय चटणीची पुडी हातात पडत नसे. म्हाताऱ्याला स्वतःच्या नावाचा भारी सोस, असं आम्ही ऑफिसात हसायचो. मीही हसले आहे, लपवत नाही.

यंदा परदेशी विद्यार्थ्यांच्या स्वास्थ्यासाठी सरकारी अनुदानाचं परिपत्रक आलं. प्राचार्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं. मी ते फायलीत घालणार, तेवढ्यात मामा आले. इथिओपियाच्या तेस्फायेने बॅग भरली होती. मेसचं जेवण त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं, पोरगं वाळून चाललं होतं. सत्र संपलं की शिक्षण सोडून जातो म्हणाला होता.

"बाई, त्याला औषध नगं, चूल पायजे. एक खोली मागा. आत चूल, दोन बाकडे. त्याच्या हातानं त्याच्या घरचं करून खाईल. मग बघा, कुटं जायलाय ते."

मी प्रस्ताव लिहिला. 'सध्याची व्यवस्था' या रकान्यात मामांनी सांगितलं, "लिवा, रविवारी मामा येतो." मी लिहिलं, 'नियमित वैयक्तिक समुपदेशन'. आणि मला कुठली अवदसा आठवली कोण जाणे, पुरावा म्हणून रजिस्टरच्या झेरॉक्स जोडल्या.

तपासणीला मुंबईहून एक मॅडम आल्या. त्यांनी झेरॉक्स समोर ठेवल्या. "हे नागरे अफगाणी मुलाचे मामा? आणि इथिओपियाच्या मुलाचेही? सरकारी प्रस्तावाला खोट्या नोंदी जोडता तुम्ही?"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. प्रस्ताव गेला, तेस्फाये गेला आणि बहुधा माझी नोकरीही गेली, असं मी धरूनच चालले.

मामांना बोलावलं. गोदामातून तसेच आले, बाह्यांना बियाण्याची भुकटी. "खोटं न्हाई मॅडम. नातं लिवल्याबिगर आत सोडतच न्हाईत. आन लिवलं तवापासून एक रविवार चुकविला न्हाई. सख्खा मामा तरी इतका येतोय का?"

मॅडमनी तेस्फायेला बोलावून विचारलं, "हे कोण?"

"मामा."

"नाव काय यांचं?"

पोराने हात मागे बांधले, मान ताठ केली आणि सुरू केलं, "ज्ञानोबा लिंबाजी नागरे, मुक्काम पोस्ट पिंपळवाडी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी." 'ज्ञा'वर जरा ठेचकाळला, पण पडला नाही. मॅडमनी उरलेल्या सहाजणांनाही बोलावलं. त्यांनीही तेच म्हटलं.

मॅडम प्राचार्यांकडे वळल्या. "सर, तुमच्या सख्ख्या मामांचा पत्ता तुम्हाला पाठ आहे?" सरांनी गावापर्यंत सांगितलं. तालुक्याला अडले. मॅडम स्वतःच हसल्या, म्हणाल्या, "मलाही येत नाही." आणि प्रस्तावावर सही केली. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

खोली झाली. पहिल्या रविवारी तेस्फायेने आपल्या परभणीच्याच ज्वारीचं पीठ आंबवून त्यांच्याकडची मोठी, जाळीदार भाकरी केली. बॅग त्याने केव्हाच रिकामी केली होती. मी बाकड्यावर मामांशेजारी बसले होते. विचारलं, "मामा, हा नावाचा हट्ट कशासाठी हो?"

ते चुलीकडे बघत म्हणाले, "आमी लहान असताना आय-बाप ऊसतोडीला जायचे. मी तिसरीत, वसतिगृहात. रविवारी समद्यांकडं कुणीतरी यायचं. मी फाटकापाशी बसायचो. तितला शिपाई एक दिवस म्हणला, चल रं, तुझा मामा आलाय. बघतो तर त्योच. बाकड्यावर बसला, कागदातले शेंगदाणे दिले, इचारलं, जेवलास का? मग दर रविवारी यायचा. दोन वरसं."

"मग?"

"नौकरी लागल्यावर पयल्या पगारात त्याला धोतरजोडी घिऊन गेलो. त्यो कवाच नौकरी सोडून निघून गेल्याला. जुनं रजिस्टर काढायला लावलं. माझ्या नावाम्होरं दर रविवारी त्याचीच नोंद. नावाच्या जागी बी नुसतं 'मामा' लिवल्यालं. समदी त्याला मामाच म्हणायची, नाव कुणालाच ठावं न्हवतं. कुणाला हुडकू, बाई? ते धोतर अजून पेटीत हाय."

इतकी वर्षं मी त्या हट्टाला हसत होते, याची मला लाज वाटली, आणि या माणसाशेजारी बसायला मिळालं म्हणून बरंही वाटलं.

तेस्फाये ताट घेऊन आला. मामांनी भाकरीचा तुकडा मोडला, हातात धरला आणि वर पाहिलं. "माझं नाव सांग."

तेस्फाये सांगू लागला. जिल्हा परभणी आलं, तेव्हा मामांनी तो घास तोंडात घातला.