दाबकेकाका आणि शाळेच्या बसची हद्द

दोह्यात कुणी नवीन मराठी कुटुंब आलं, की बाकीचे लोक विचारतात, तुम्ही पुण्याचे की नाशिकचे? आमचे दाबकेकाका विचारतात, "आत की बाहेर?" येऊन आठवडाही न झालेला माणूस बिचारा दचकतो. आपल्या व्हिसात काही घोळ आहे की काय, असं त्याला वाटतं. काकांना फक्त एवढंच हवं असतं, की तुम्ही घेतलेलं घर शाळेच्या बसच्या हद्दीत येतं की नाही.

बरं, काकांच्या घरात शाळेत जाणारं कुणीच नाही. वय पंचावन्न, गॅस कंपनीत इंजिनिअर, आमच्या व्हिलांच्या कंपाउंडमध्ये शेजारीच एकटे राहतात. दिवाणखान्यात टीव्ही नाही. तिथे दोह्याचा भला मोठा नकाशा, आणि त्यावर लाल पेनाने आखलेली बसची हद्द. शुक्रवारी लोक सूक वाकिफच्या बाजारात फिरायला जातात, तर हे गाडी काढून हद्दीवरून चक्कर मारून येतात. वर आम्हाला सुनावतात, "दलालाचं काय ऐकता? त्याच्या पोरांना कुठे बसनं जायचंय!"

तुम्हाला हे वेड वाटेल, आम्हाला नाही वाटत. इथले निम्मे बाप पहाटे साडेचारला प्लांटवर निघतात. माझ्यासारख्या आयांची शिफ्ट सहाला सुरू होते. बस नसेल तर ते चार खोल्यांचं घर काय चाटायचंय? म्हणून हद्दीच्या आत भाडं जास्त आणि रस्ता ओलांडला, की लगेच कमी.

यंदा फेब्रुवारीत शाळेचा मेल आला. एप्रिलपासून नवी हद्द. आमच्या फाटकासमोरचा रस्ता बाहेर! कंपाउंडमध्ये नुसता हलकल्लोळ. समोरच्या कुलकर्णीबाई त्याच संध्याकाळी हद्दीत येणाऱ्या लुसैल भागात फ्लॅट बघून आल्या. घरमालक अबू नासर दारोदार फिरून एक महिन्याचं भाडं माफ करायला लागला. आणि आमची लेक इरा शाळेला कशी जाणार, यावर माझा नवरा शांतपणे म्हणाला, "तू आणि इरा वर्षभर पुण्याला जा. पुढचं पुढे बघू." मला रडूही आलं आणि रागही. दोघांपैकी आधी काय करावं हेच कळेना.

हे काकांच्या कानावर गेलं आणि माणूस पेटलाच. नकाशाची गुंडाळी घेऊन ते थेट आमच्या घरात घुसले.

"वर्षभर? कुणी कुठेही जायचं नाही! खलास!"

मग आमची जेवणाची ताटं बाजूला सारून त्यांनी नकाशा टेबलावर पसरला. "हे बघ. पुढचा रस्ता बाहेर. पण मागचा?" त्यांनी नकाशावर बोट टेकवलं. "मागचा आत आहे!"

कंपाउंडच्या मागच्या भिंतीत एक लोखंडी फाटक होतं खरं. कुलूप गंजलेलं, आणि ते उघडलेलं कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. त्याच्यासमोर काकांचीच गाडी उभी असायची.

पुढचे तीन आठवडे काय धमाल होती! काकांनी अबू नासरकडे बसून कडू कॉफीचे कप रिचवले आणि त्याला सुनावलं, "अबू नासर, बाब खोलो, पीछे का गेट खोलो, नहीं तो सब व्हिला खाली! यल्ला!" शाळेच्या बस ऑफिसात ते नकाशा घेऊन चार वेळा गेले. चौथ्या वेळी तिथला केरळी क्लार्क त्यांना बघूनच उठून उभा राहिला. "सर, आपका स्टॉप मिल गया. प्लीज, अब मत आना." ज्या दिवशी कुलूप कापलं, त्या दिवशी अख्खं कंपाउंड मागे जमलं होतं. कुलकर्णीबाईंनी तर भज्यांचा घाणाच घातला. लुसैलचं नावही परत काढलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या सकाळी मी मुद्दाम सुट्टी घेतली. पावणेसहाला मागच्या रस्त्यावर बस दिसली आणि आम्ही मोठी माणसं लहान मुलांसारखी ओरडलो. इरा खिडकीतून किंचाळली, "काका, आय गॉट द विंडो सीट!" बस गेली. सगळे हसत-खिदळत पांगले. काका मात्र फाटकाचा गज धरून तिथेच उभे.

"चला काका, चहा टाकते."

"माझी रेवा तिसरीत होती," ते म्हणाले, "तेव्हा अशीच हद्द बदलली होती. मीच बायकोला म्हटलं, वर्षभर नाशिकला जा, पुढचं पुढे बघू. दोन वर्षांनी आपला रस्ता परत हद्दीत आला गं. पण तोवर रेवा तिकडे रमली होती. आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे."

त्यांच्या हातावर मी हात ठेवला.

"मागच्या रस्त्यावरून बस तेव्हाही जायची," काका म्हणाले. "आणि मी रोज ह्या फाटकापुढे गाडी लावत होतो."