बापू बिनशेपटेची शेपटी

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका, मला अजून तिकडून जावं लागतं) वेणूताई नावाची एक हरणी राहत होती.

त्या जंगलाचा एक रिवाज होता. वाघमहाराजांना धावपळ सोसत नसे. म्हणून दर गुरुवारी यादीतल्या एका प्राण्याने आंघोळ करून, आपण होऊन त्यांच्या गुहेत जायचं. सगळे वेळेवर जात. उशीर झाला की महाराज चिडत.

या गुरुवारी पाळी होती वेणूताईंची. आणि वेणूताई वाटेने चक्क खिदळत चालल्या होत्या!

कारण त्या 'बापू बिनशेपटे'चा चाळिसावा भाग वाचत होत्या. ही पुस्तकं दाजी कासव लिहीत. त्यातलं जग सगळं कल्पनेतलं. तिथे दोन पायांचे, 'माणूस' नावाचे प्राणी राहत. ते झाडं कुंडीत कोंडून ठेवत आणि मग झाडं बघायला सुट्टी काढून लांब जात. पाणी बाटलीत भरून एकमेकांना विकत. "काय पण सुचतं दाजींना!" असं म्हणत अख्खं जंगल पोट धरून हसे.

या पुस्तकांचा नायक बापू आपली हरवलेली शेपटी शोधत फिरे. दर भागाच्या शेवटी ती हाती येता येता निसटे. वेणूताईंनी पहिला भाग वाचला तेव्हा त्या पाडस होत्या. आता त्यांना नातवंडं होती, तरी बापूला शेपटी नव्हती.

गुहेत महाराजांनी पुस्तक पाहिलं आणि त्यांच्या मिशा थरथरल्या.

"चाळिसावा? मी अजून सतराव्यातच आहे! मागच्या गुरुवारचा ससा तो भाग इथेच विसरून गेला होता."

"सतराव्यात? अगंबाई, म्हणजे बापू अजून त्या लग्नाच्या मांडवातच? महाराज, पुढे तो नवरदेवाच्या—"

"गप्प!" महाराजांनी दोन्ही पंजे कानांवर दाबले. "पुढचं सांगायचं नाही!"

वेणूताई घाबरल्या होत्याच, पण त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"एक पाऊल जरी पुढे टाकलंत," त्या म्हणाल्या, "तर मांडवात काय होतं ते सगळं सांगेन."

महाराज जागच्या जागी बसले. वेणूताई पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकल्या आणि घरी येऊन त्यांनी दोन वेळचं गवत एकदम खाल्लं.

पुढच्या गुरुवारी रानडुकराने हेच केलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी सायाळीने. महाराजांनी बोरं आणि मासे खात दिवस काढले आणि पहिल्यापासून चाळिसाव्यापर्यंत सगळे भाग वाचून संपवले. मग ते थेट वेणूताईंच्या दारात उभे राहिले.

"आता मला सगळं ठाऊक आहे," ते म्हणाले.

वेणूताई दारातून मागे सरकल्या.

"तो बाटलीवाला प्रसंग!" महाराज म्हणाले आणि त्यांना एकदम हसू फुटलं. वेणूताईंनाही फुटलं. दोघं डोळे पुसत, एकमेकांना थांबवत, सूर्य डोक्यावर येईपर्यंत बापूबद्दलच बोलत राहिले.

"एकट्याने हसण्यात मजा नाही बघ," महाराज शेवटी म्हणाले. "तुम्हाला सगळ्यांना खाल्लं तर मी बोलू कोणाशी? यादी तहकूब. बापूला शेपटी मिळाली, गोष्ट संपली, की मग तुझ्यापासून सुरुवात."

आता आली का पंचाईत! बापूला शेपटी मिळावी म्हणून वेणूताईंनी जन्मभर देव पाण्यात ठेवले होते. त्याच वेणूताई आता धावत दाजींकडे गेल्या.

"दाजी, बापूला शेपटी देऊ नका हो!"

"वेणू, मी दीडशे वर्षांचा झालो," दाजी मान आत घेत म्हणाले. "एकेचाळिसावा भाग शेवटचा. आणि वाचकांच्या सूचना मी घेत नाही."

पुस्तक निघालं. वडाखाली वाचनाला सगळं जंगल जमलं. पहिल्या ओळीत महाराज, जिभल्या चाटत. त्यांच्या शेजारी वेणूताई. बापूला शेपटी मिळू नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं. तरी खोटं कशाला सांगू, शेपटी कुठे आहे हे कळावंसंही त्यांना तितकंच वाटत होतं.

दाजी वाचत होते. बापूने पेटी उघडली. आत शेपटी होती! वेणूताईंनी डोळे मिटले. बापूने शेपटी मागे लावली, आरशात पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि ओरडला, "अरेच्चा! ही माझी नव्हेच! ही कोणाची?"

महाराज हसता हसता आडवे झाले. त्यांच्या खाली दोन ससे सापडले, तेही हसत होते.

"कोणाची? दाजी, कोणाची?"

"बेचाळिसाव्यात बघू," दाजी शांतपणे म्हणाले.

गर्दी पांगल्यावर वेणूताई त्यांच्याजवळ गेल्या. त्यांना हसू आणि रडू एकदम येत होतं.

"दाजी, तुम्ही तर सूचना घेत नाही ना?"

"घेत नाहीच. पण शेवट लिहायच्या आधी सहज यादी वाचली," दाजी म्हणाले. "तुझ्या, डुकराच्या आणि सायाळीच्या खाली माझंच नाव आहे."

तात्पर्य: मुलांनो, हाती घेतलेलं काम कधीही तडीस नेऊ नये. त्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो, आणि बहुतेक वेळा तो आपलाच असतो.