नानांचं ऑबटेम्परेट

नानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका म्हशीला इंग्रजीतून हुकूम सोडत होते. म्हैस मागच्या वाडीतल्या धोंडिबा गवळ्याची. ती कुंपण मोडून नानांच्या भोपळ्याच्या वेलात शिरली होती, आणि नाना एका हातानं धोतर सावरत, दुसऱ्या हाताचं बोट रोखून ओरडत होते, "ऑबटेम्परेट! आय से, ऑबटेम्परेट!" म्हशीनं एकदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वेलात तोंड घातलं.

"नाना, तिला विंग्रजी येत न्हाई," धोंडिबा धावत येऊन म्हणाला. "आन् मराठी येतंय म्हणावं, तर ती माजं तरी कुटं ऐकती?"

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. मी नुकताच लोणावळ्याच्या स्टेशनात तारबाबू म्हणून बदलून आलो होतो, आणि नाना माझे शेजारी. ते कोर्टात शिरस्तेदार होते. सगळा जन्म हुकूम लिहिण्यात गेला, पण हुकूम सगळे जज्जसाहेबांचे. पेन्शनीत निघाल्यावर स्वतःचे सोडायची हौस भागवून घेत होते, दुसरं काय! 'आज्ञा पाळणे' या अर्थाचं हे जुनाट क्रियापद त्यांना कुठल्याशा म्हाताऱ्या गोऱ्या जज्जाच्या निकालात सापडलं होतं. "आता विलायतेतसुद्धा कुणाला ठाऊक नाही," असं ते अभिमानानं सांगत.

मी एकदा बोलून बसलो, "नाना, 'ओबे' म्हटलं तर नाही का चालणार?"

झालं! माझी सुटका नाही. "अहो तारबाबू, ओबे काय, दंडुका दिसला की कुणीही करतो. ऑबटेम्परेट म्हणजे आपला हेका सोडून, आपला ताव आवरून दुसऱ्याचं ऐकणं. मनापासून! आता वापरायचं कसं, ते बघा. 'द वाइफ शॅल ऑबटेम्परेट द हजबंड.'"

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, व्याख्यान पुरे झालं. एवढी मेथी निवडून द्या."

नाना मुकाट्यानं उठले आणि मेथी निवडायला बसले.

त्यांचा सगळ्यात कडक हुकूम चहावर होता. चहा म्हणजे गोऱ्यांनी लावलेली चटक, या घरात चहा होणार नाही! काकू "बरं" म्हणत आणि आधण ठेवत. त्यात आलं, गवती चहा आणि वर चांगली चमचाभर चहाची पूड. पेला नानांपुढे ठेवून म्हणत, "घ्या, काढा घ्या." नाना भुरके मारत तो संपवत आणि मला सांगत, "औषधी आहे हो! इथल्या धुक्यात काढ्याशिवाय माणूस टिकायचा नाही." त्या पेल्यात काय आहे ते आम्हा तिघांनाही पक्कं ठाऊक होतं.

"इतकी वर्षं संसार केला, पण हिनं माझा एक हुकूम पाळला असेल तर शपथ," नाना कुरकुरत.

"पाळण्यासारखा एक तरी सोडा की," काकू म्हणत.

मग एका श्रावणात काकूंना तापानं धरलं. छाती कफानं भरली. औषधांनी ताप उतरला, पण काकू काही उठेनात. धड खाणं नाही, बोलणं नाही. डॉक्टर म्हणाले, "दुखणं गेलंय. आता त्यांच्या मनानं उभारी धरायला हवी. नाही धरली तर कठीण आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना माझ्या दारात उभे. अंगावर उपरणं नाही, पायांत वहाणा नाहीत.

"तारबाबू, चला हो लवकर! तिचं काही खरं नाही."

"का? पुन्हा ताप चढला?"

"ताप कसला! मी म्हटलं पडून राहा, तर पडून राहिली. कूस बदल म्हटलं, बदलली. म्हटलं, काढा देऊ का तुझा? तर म्हणते, 'नको. तुम्हाला घरात चहा चालत नाही ना? राहू दे.'" नानांनी माझा दंड धरला. "अहो, ती माझं ऐकायला लागली हो!"

एरवी मी पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी हातातलं काम तसंच टाकलं. मी त्यांच्याबरोबर गेलो.

नाना तडक स्वयंपाकघरात घुसले. भांडी आपटल्याचे आवाज आले, धूर आला, आणि मागून दोन्ही हातांत पेला धरून नाना आले. काकूंच्या उशाशी बसले.

"घे. चहा आहे."

"अहो, पण तुमचा हुकूम?"

"जळला मेला तो हुकूम! आजपासून तू सांगशील तसं. मी ऑबटेम्परेट करतो. पण तू भांड गं माझ्याशी. तू अशी गप्प पडलीस की मला भीती वाटते."

काकूंनी मान उचलून पेला घेतला. मग ओठाला लावला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"शी! याला चहा म्हणतात? पाणीसुद्धा उकळलेलं नाही. आणि आलं मातीसकट टाकलंत का?" कोपर टेकून त्या उठायला लागल्या. "सरा बाजूला. मी करते."

"खबरदार उठलीस तर!" नाना गरजले. "डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय!"

काकू उठल्या. भिंतीचा आधार घेत, थांबत थांबत चुलीकडे निघाल्या. पडल्याच तर धरायला दोन्ही हात पसरून नाना मागोमाग. स्वयंपाकघराच्या दारात नानांनी वळून माझ्याकडे पाहिलं. गाल ओलेचिंब झाले होते.

"पाहिलंत, तारबाबू?" ते म्हणाले. "ऐकत नाही!"